वाचकांचे प्रश्न : इंफाळ-कोहिमाबद्दल नेमकं कुणाचं खरं मानायचं?

मागच्या अंकात १९४४ च्या इंफाळ-कोहिमा मोहिमेवर लिहिलं होतं, म्हणजे जपानच्या पंधराव्या आर्मीनं चिंदविन नदी ओलांडून मणिपूर आणि नागा डोंगरात मुसंडी मारली ती मोहीम, जपानी कागदांत तिचं नाव 'उ-गो'. त्यावर पत्रं आली, मेसेज आले, काही लोक खूश होते तर काही चांगलेच चिडलेले, पण जवळजवळ सगळ्यांचा मुद्दा एकाच ठिकाणी येत होता की जिथे बघावं तिथे वेगळंच लिहिलेलं असतं. सारखे प्रश्न एकत्र करून काही निवडक इथे घेतेय.

प्रश्न : ताई, माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमधे होते. ते सांगायचे की सांगशाकला आम्ही जपान्यांना आठवडाभर अडवून धरलं, रक्ताचं पाणी केलं. आणि तुम्ही लिहिलंत की सांगशाक २६ मार्चला पडलं. घरात वडिलांना फार वाईट वाटलं. आजोबा वाढवून सांगत होते का? (सातारा)

अजिबात नाही, आणि वडिलांना आधी हे वाचून दाखवा. "पडलं" हे मी एका ओळीत लिहिलं, त्याला जास्त जागा द्यायला हवी होती म्हणून आता देतेय.

मार्च १९४४ मधे उखरूलच्या भागात पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती, ब्रिगेडियर होप-थॉमसन त्यांचा प्रमुख. नवी ब्रिगेड, लढाईचा अनुभव नाही, आणि तिच्या हाताखाली दिलेली तुमच्या आजोबांची चौथी बटालियन त्या मुलखात आधीपासून होती, शेल्डन्स कॉर्नर नावाच्या ठाण्याजवळ. १९ मार्चला जपानी तिथे येऊन धडकले, कुणाची अपेक्षा नव्हती एवढ्या संख्येनं. ७३७८ नंबरच्या टेकडीवर पॅराशूट बटालियनची एक कंपनी जवळपास सगळी संपली. मग उरलेले सगळे मागे सरकत सांगशाकला गोळा झाले. सांगशाक म्हणजे तांखुल नागांचं गाव, डोंगराच्या माथ्यावर, वर एक चर्च, पाणी खाली लांब, काटेरी तार आलेलीच नव्हती, जमीन खणावी तर थोड्याच खाली खडक लागतो त्यामुळे खंदक धड होत नाहीत, आणि विमानातून टाकलेलं सामान बरंचसं वाऱ्यानं जपान्यांच्या बाजूला जाऊन पडायचं आणि हे लोक वरून बघत बसायचे. अशा जागेवर २२ पासून २६ मार्चपर्यंत रात्रंदिवस लढाई चालली, जखमी आणि खेचरांची मढी एकाच छोट्या माथ्यावर. २६ ला इंफाळहून निघून यायची ऑर्डर आली आणि रात्री लोक जंगलातून फुटून निघाले. गाव जपान्यांच्या ताब्यात गेलं. म्हणून "पडलं".

आता दुसरी बाजू बघा. जपानकडून तिथे लढणारी अठ्ठावन्नावी रेजिमेंट, एकतिसाव्या डिव्हिजनमधली, मेजर जनरल मियाझाकीची, आणि तिला जायचं होतं कोहिमाला! सांगशाक हे खरं तर शेजारच्या पंधराव्या डिव्हिजनच्या (पंधराव्या आर्मीतलीच एक डिव्हिजन, नंबर तोच) वाट्याचं ठिकाण, पण बाजूला एवढं शत्रूसैन्य सोडून पुढे कसं जायचं म्हणून मियाझाकी तिथे वळला आणि अडकला. त्याचे अधिकारी आणि जवान बरेच गेले आणि मुख्य म्हणजे दिवस गेले, ज्या दिवसांत कोहिमात बचावाला जेमतेम माणसं होती. शिवाय सांगशाकला एका मेलेल्या जपानी कॅप्टनकडे नकाशा सापडला, त्यात पूर्ण एकतिसावी डिव्हिजन कोहिमाकडे निघाल्याचं दिसत होतं.

तरीही सुरुवातीला वरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या ब्रिगेडकडे मार खाऊन पळून आलेली ब्रिगेड असंच बघितलं, ब्रिगेडियरला आजारी म्हणून परत पाठवलं. नंतर त्याच वर्षी चौदाव्या आर्मीचा प्रमुख स्लिम यानं जाहीरपणे मान्य केलं की यांच्या चिवटपणामुळे इंफाळला वेळ मिळाला. म्हणजे जागा कुणाकडे राहिली हे विचारलं तर उत्तर जपान, आणि कुणाचं वेळापत्रक मोडलं हे विचारलं तर उत्तरही जपान. आणि एक गंमत वाटली ती सांगते, सांगशाकची लढाई चार-पाच दिवसांची धरतात पण आजोबांची बटालियन शेल्डन्स कॉर्नरपासून लढत होती, १९ ते २६ मोजलं तर त्यांचा आठवडा बरोबर बसतो.

प्रश्न : जपानी मेले किती? एका ठिकाणी ३०,००० वाचलं, एका ठिकाणी ५३,०००, एका व्हिडिओत तर सरसकट लाखाची फौज नष्ट झाली. एवढा फरक कसा? (नाशिक)

बहुतेक वेळा फरक मोजणीचा असतो, खोटेपणाचा नसतो. साधारण ८५,००० माणसं घेऊन पंधरावी आर्मी निघाली. मृतांचा आकडा साधारण ३०,००० च्या आसपास धरतात. ५० हजारांच्या वरचे जे आकडे आहेत त्यात जखमी, आजारी, बेपत्ता सगळे आहेत, आणि आपल्याकडे तोच आकडा उचलून बिनधास्त "ठार" म्हणून छापतात. ब्रिटिश-भारतीय बाजूचा १६-१७ हजारांचा आकडा पण असाच मृत, जखमी, बेपत्ता सगळे मिळून आहे, त्यामुळे एका बाजूचे फक्त मेलेले आणि दुसऱ्या बाजूचे सगळे असे शेजारी ठेवून तुलना केली की गणित बिघडलंच. मग अजून प्रश्न, फक्त इंफाळ की कोहिमा धरून, जुलैपर्यंतचे की परतीच्या वाटेवर चिंदविनपर्यंत पोचता पोचता गेलेले पण?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. जपानी सैनिक साधारण तीन आठवड्यांचं अन्न पाठीवर घेऊन निघाले होते. मुतागुचीची, म्हणजे पंधराव्या आर्मीच्या सेनापतीची, कल्पना अशी की गुरं हाकत न्यायची, ती ओझं वाहतील आणि मग कापून खाता येतील, पण चिंदविन ओलांडताना आणि डोंगर चढताना ती गुरं बुडाली, दरीत पडली, मागे राहिली. पुढचं अन्न ब्रिटिशांच्या गोदामांतून मिळवू हा हिशेब होता तो फसला, कारण इंफाळ पडलंच नाही, विमानानं त्यांचा पुरवठा चालू राहिला. मग पाऊस सुरू झाला, मलेरिया, हगवण, बेरीबेरी. परतताना माणसं वाटेच्या कडेला बसायची ती उठायचीच नाहीत, त्या वाटेला जपानी सैनिक पांढऱ्या हाडांचा रस्ता म्हणायचे. २०१७ मधे जपानच्या एनएचके वाहिनीनं मृत सैनिकांच्या नोंदी एकेक करून तारीख आणि जागेनुसार लावल्या तेव्हा दिसलं की दहातले सहा मृत्यू मोहीम थांबवायचा निर्णय झाल्यानंतरचे आहेत. म्हणजे "इंफाळच्या लढाईत ३०,००० जपानी मारले गेले" हे वाक्य वाचताना डोळ्यापुढे गोळीबार येतो, आणि प्रत्यक्षात त्यातली बरीच माणसं भुकेनं आणि तापानं गेलेली. आकडा बरोबर असून वाक्य चुकतं ते असं.

प्रश्न : मुतागुची हा माणूस वेडा होता, त्याच्या हट्टापायी सगळं झालं असं सरळ लिहायला काय हरकत आहे? तुम्ही उगीच गुळमुळीत लिहिलंत. (पुणे)

गुळमुळीत लिहायचं नव्हतं, पण खापर एकाच डोक्यावर फोडलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतात, आणि जपानमधे बरीच वर्षं तेच चाललं होतं म्हणून मी जपून लिहिलं. मुतागुचीची जबाबदारी मोठीच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुरवठ्याबद्दल ज्यांनी आक्षेप घेतला त्यांना त्यानं बाजूला केलं. त्याच्या मुख्यालयात असलेल्या एका तरुण अधिकाऱ्याची डायरी त्याच एनएचकेच्या कामात पुढे आली, त्यात वरिष्ठ लोक इतके हजार मारले की ती जागा मिळेल असं बोलायचे, आणि ते आकडे शत्रूचे नव्हते तर स्वतःच्या सैनिकांचे होते हे कळल्यावर तो पोरगा हादरलाय. हे वाचून माझाही जीव कळवळला.

पण मोहिमेला मंजुरी टोकियोनं दिली, ७ जानेवारी १९४४ ला, आणि त्या आदेशात हेतू लिहिलाय बर्माच्या संरक्षणासाठी इंफाळ आणि आसपासचा ईशान्य भारताचा भाग ताब्यात घेणं. दिल्लीपर्यंत कूच हा त्या आदेशाचा भाग नव्हता, आसामात घुसायचं स्वप्न मुतागुचीचं. मधे बर्मा एरिया आर्मीचा प्रमुख कावाबे, तो त्याचा जुना वरिष्ठ, त्यानं अडवलं नाही. जूनच्या सुरुवातीला कावाबे मुतागुचीला भेटायला गेला तेव्हा मोहीम बुडाली हे दोघांनाही कळत होतं. मुतागुचीनं नंतर सांगितलं की मला थांबवा म्हणायचं होतं पण तोंडातून शब्द निघेना, वाटलं माझ्या चेहऱ्यावरून ओळखतील. कावाबेही बोलला नाही. थांबायचा आदेश निघाला जुलैच्या सुरुवातीला. तो मधला महिना पावसाचा होता, आणि वरच्या उत्तरात दहातले सहा लिहिलेत ते इथे आठवा.

आणि एकतिसाव्या डिव्हिजनच्या सातोचं तर बघा. कोहिमाला अन्न नाही, गोळ्या नाहीत, मागून काही येत नाही, म्हणून त्यानं मेच्या अखेरीस स्वतःच्या निर्णयानं माघार सुरू केली, जपानी सैन्यात डिव्हिजनच्या प्रमुखानं असा आदेश मोडणं ऐकिवात नव्हतं. त्याला काढलं. त्याला कोर्टमार्शल हवं होतं, कारण तिथे उभं राहून सगळं सांगता आलं असतं, पण त्याला मानसिक आजारी ठरवलं आणि खटला झालाच नाही. तीनही डिव्हिजनचे प्रमुख त्या मोहिमेत बदलले गेले, यानागिदा, यामाउची, सातो.

आता सातोबद्दल कोण काय म्हणतं? मुतागुचीच्या मते याच्यामुळे हरलो. स्लिमनं १९५६ च्या आठवणींमधे त्याला फार कमी दर्जाचा सेनापती ठरवलंय, कारण दिमापूरचं रेल्वे स्टेशन आणि ११ मैल लांबीचा पुरवठा डेपो त्याच्यासमोर जवळजवळ उघडा होता आणि हा कोहिमाला डोकं आपटत बसला. सातोच्या बाजूचे म्हणतात आदेश कोहिमाचा होता, दिमापूरचा मुतागुचीनं दिला तो कावाबेनं रद्द केला. आणि त्याच्या डिव्हिजनमधे वाचलेल्या सैनिकांनी नंतर त्याच्या नावानं दगड उभा केला, आमचे जीव यानं वाचवले म्हणून. चौघांचं चार तऱ्हेचं, आणि प्रत्येकाला काहीतरी सांभाळायचंय. स्लिमच्या बाबतीत तर हेही लक्षात ठेवा की कोहिमाला फार तर एक रेजिमेंट येईल असा अंदाज त्याचाच होता आणि पूर्ण डिव्हिजन आली, ही स्वतःची चूक त्यानं लिहून ठेवलीय म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसतो, पण सातोबद्दलचं त्याचं मत मी त्याचं मत म्हणूनच लिहीन. मुतागुची युद्धानंतर बरीच वर्षं गप्प होता, १९६२ मधे एका ब्रिटिश लेखकानं पत्रातून त्याला लिहिलं की दिमापूर मिळू शकलं असतं, आणि तिथून पुढे तो मरेपर्यंत माझंच बरोबर होतं हे सांगत राहिला. त्यामुळे त्याचं १९६२ च्या आधीचं बोलणं आणि नंतरचं बोलणं एकत्र करून कुणी लिहिलं असेल तर ते सोडून द्या.

प्रश्न : जपानच्या सरकारी इतिहासात सगळं असेलच ना, तोच का वापरत नाही? (ठाणे)

वापरतातच, त्याच्याशिवाय जपानी बाजू लिहिता येत नाही. संरक्षण खात्यानं १९६६ ते १९८० मधे १०२ खंड काढले, इंफाळचा खंड १९६८ चा. पण ऑगस्ट १९४५ मधे शरणागतीच्या वेळी जपानी लष्करानं कागदपत्रं ढिगानं जाळली, त्यामुळे हे खंड लिहिणाऱ्यांना, जे बहुतेक स्वतःच माजी लष्करी अधिकारी होते, उरलेले कागद, डायऱ्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या मुलाखती यावर भिस्त ठेवावी लागली. युनिट कुठून कुठे सरकलं हे त्यात उत्तम मिळतं. स्टाफ ऑफिसर काय विचार करत होता तेही मिळतं. ज्या गावातून तांदूळ उचलला त्या गावाचं काय झालं ते तिथे शोधू नका.

आणि युद्धाच्या वेळच्या घोषणांबद्दल तर विचारूच नका. एप्रिल १९४४ मधे टोकियोनं कोहिमा घेतल्याचं जाहीर केलं. नागा वस्तीचं कोहिमा गाव खरंच त्यांच्या हातात होतं. पण रस्ता ज्या टेकड्यांच्या ओळीवरून दाबता येतो त्या टेकड्यांवर रॉयल वेस्ट केंट, आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स अशी माणसं अजून बसलेली होती आणि डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, मधे बॉम्ब फेकण्याएवढं अंतर. घोषणा खोटी म्हणता येत नाही आणि खरी तर मुळीच नव्हती.

प्रश्न : तटस्थ लिहायच्या नादात तुम्ही नेताजींच्या आझाद हिंद फौजेला दोन परिच्छेदांत गुंडाळलंत. हा अपमान आहे. (कोल्हापूर)

तुमचा राग समजते, आणि अपमानाचा विचारही मनात नव्हता. या फौजेबद्दल तीन तऱ्हेचं लिखाण आहे आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आठवणींत त्यांना हिणवून उडवून लावलंय, कारण ज्या सैनिकांनी बाजू बदलली त्यांच्याबद्दल ते चांगलं लिहिणारच नव्हते. जपानी लिखाणात ते कोपऱ्यात असतात. आणि आपल्याकडे नोव्हेंबर १९४५ पासूनच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यांनंतर देश असा पेटला की त्यानंतरच्या लिखाणात इंफाळची मोहीम जणू त्यांनीच लढली असं चित्र झालं.

नोंदींवरून जे दिसतं ते असं. आघाडीवर गेलेली संख्या काही हजारांची, जपानी फौजेच्या मानानं लहान. शाहनवाज खान यांची सुभाष ब्रिगेड, तिचा मोठा भाग सुरुवातीला इंफाळपासून लांब चिन डोंगरात आणि कलादान खोऱ्यात पाठवला. पहिल्या डिव्हिजनची गांधी ब्रिगेड इनायत कियानी यांची, ती पालेलच्या बाजूला आणि मेच्या सुरुवातीला पालेल विमानतळावर त्यांनी हल्ला केला, तो फसला. १४ एप्रिलला मोइरांगला कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला, तिथे आज म्युझियम आहे, गेलात तर बघून या. आझाद हिंद फौज समोर दिसली की ब्रिटिशांकडचे भारतीय सैनिक मोठ्या संख्येनं इकडे येतील ही आशा होती ती पूर्ण झाली नाही. आणि परतीच्या वाटेवर हेही लोक जपान्यांसारखेच उपाशी मेले, त्यांना तर जपान्यांपेक्षाही कमी मिळायचं, कारण पुरवठा जपान्यांच्या हातात होता.

हे सगळं लिहिल्यानं त्यांचं मोठेपण तिळभर कमी होत नाही असं मला मनापासून वाटतं. उलट शस्त्र अपुरं, अन्न नाही, ज्यांच्याबरोबर आलोत त्यांचा पुरता विश्वास नाही, आणि समोर आपलेच लोक, अशा परिस्थितीत ते डोंगर चढले हे जास्त भारी आहे. आणि समोरचे आपलेच म्हणजे कोण, तर वरच्या पत्रातल्या साताऱ्याच्या आजोबांसारखे. कोहिमाच्या युद्धस्मशानात १,४२० थडगी आहेत आणि शिवाय दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं वेगळ्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्या ९१७ जणांना इंग्रजांचे चाकर म्हणून मोडीत काढणारं लिखाण मी करणार नाही, आणि मोइरांगच्या लोकांना गद्दार म्हणणारंही नाही. आपला तो बाब्या असं इथे करायचं म्हटलं तरी करता येत नाही, दोन्हीकडे आपलेच आहेत.

प्रश्न : तटस्थपणा म्हणजे जपान्यांचे अत्याचार सौम्य करून लिहिणं का? हल्ली बरेच जण "दोन्ही बाजूंनी झालं" म्हणून सुटतात. (मुंबई)

नाही, आणि हा प्रश्न विचारलात त्याबद्दल आभार. फेब्रुवारी १९४४ मधे, इंफाळच्या आधी आराकानमधे, सिंझवेयाच्या वेढ्यात जपानी सैनिकांनी जखमींच्या ड्रेसिंग स्टेशनमधे घुसून पेशंट आणि डॉक्टर मारले. त्यातून वाचलेल्यांच्या साक्षी आहेत. हे लिहिताना "असा आरोप आहे" म्हणायची गरज नाही, ते झालंय. त्याच्या शेजारी तोलून मापून ब्रिटिशांचं काहीतरी ठेवायचं म्हणून ठेवणं हा तटस्थपणा नाही. ब्रिटिशांचं जे झालं असेल ते त्याच्या जागी, त्याच्या पुराव्यानं लिहायचं. ब्रिटिश बाजूलाही जखमी जपान्यांना कैद करण्यापेक्षा मारणं होत होतं हे त्यांच्याच सैनिकांच्या आठवणींत आहे, तेही लपवायचं नाही, पण एकानं दुसरं फिटत नाही.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. बर्माच्या फौजेला पुरवठा व्हावा म्हणून जपाननं थायलंड ते बर्मा ४१५ किलोमीटर रेल्वे बांधून घेतली, ऑक्टोबर १९४३ मधे पुरी झाली. त्यात १२,००० च्या वर युद्धकैदी मेले, त्यांची नावं आहेत, थडगी आहेत, कारण कैद्यांनी जिवावर उदार होऊन याद्या लपवून ठेवल्या होत्या. आणि मलायाच्या रबर मळ्यातले तमिळ, बर्मी, मलय, जावाचे मजूर, त्यांच्या याद्याच कुणी केल्या नाहीत, त्यांचे मृत्यू ९०,००० च्या आसपास असावेत असा अंदाज दिला जातो. ज्यांची संख्या कितीतरी पट मोठी त्यांच्यावर ओळ, आणि कैद्यांवर पुस्तकंच्या पुस्तकं. इथे कुणी खोटं लिहिलेलं नाही तरी चित्र वाकडं झालं.

प्रश्न : २०१३ मधे इंग्लंडमधे ही त्यांची "सर्वात महान लढाई" ठरली म्हणे, ते खरं? (औरंगाबाद)

हो, लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या मतदानात, वॉटर्लू आणि नॉर्मंडीच्या पुढे. चांगलं झालं, विसरलेली लढाई लोकांना कळली. फक्त त्या बाजूनं लढणारे बहुसंख्य भारतीय आणि गुरखा होते हे सोबत लिहा म्हणजे झालं.

प्रश्न : मी नोकरीसाठी सध्या इंफाळमधे आहे. इथले म्हातारे लोक युद्धाबद्दल बोलतात तेव्हा ब्रिटिश-जपान असं नाही बोलत, गावं सोडून पळालो ते बोलतात. ते कुठे लिहिलंय? (मूळ गाव सांगली)

फार कमी ठिकाणी, आणि तुम्ही तिथे आहात तर ऐकून घ्या, रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. तिथे याला जपान लान म्हणतात, जपानची लढाई. नागा गावांमधून वाटाडे, हमाल, जखमींना स्ट्रेचरवर वाहून नेणारे लोक ब्रिटिशांना मिळाले, काही गावं आणि काही माणसं जपान्यांकडे झुकली, नागा नेता फिझो तर बर्मात त्यांच्याबरोबर होता, आणि बहुतेकांना मात्र घर, भात आणि गुरं वाचवायची होती. जपान्यांनी सुरुवातीला पैसे देऊन घेतलं, मग भूक वाढली तसं हिसकावून घेतलं, असं बऱ्याच आठवणींत येतं. ब्रिटिश बॉम्बनी कोहिमा गाव उद्ध्वस्त झालं तेही येतं. इंफाळच्या दक्षिणेला रेड हिलपाशी जपाननं बांधलेलं स्मारक आहे आणि २०१९ पासून पीस म्युझियम. तिथे जाऊन या आणि मग जवळच्या गावातल्या कुणाशी तरी बसून बोला, दोन्हीत काय काय वेगळं सांगितलं जातं ते आम्हाला लिहून पाठवा, छापू.

प्रश्न : मला वडिलांच्या काकांवर लिहायचंय, ते बर्मात होते एवढंच माहीत आहे. सुरुवात कुठून करू? (रत्नागिरी)

आधी घरातले कागद. पेन्शनचं पुस्तक, मेडल. मेडलच्या कडेवर बऱ्याचदा नंबर, नाव, युनिट कोरलेलं असतं, भिंगातून बघा. युनिट कळलं की निम्मं काम झालं. मराठा असतील तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा, नंबर घालून. युद्धात गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नाव शोधा, स्पेलिंग पाच-सहा प्रकारे टाकून बघा कारण मराठी आडनावांची तिथे वाट लागलेली असते. बटालियनच्या रोजच्या नोंदवह्या, म्हणजे वॉर डायऱ्या, लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे डब्ल्यूओ १७२ या मालिकेत आहेत. आझाद हिंद फौजेत असतील तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. जपानी कागद बघायचे असतील तर त्यांचं आशियाई ऐतिहासिक नोंदींचं केंद्र २००१ पासून ऑनलाइन आहे, फुकट.

लिहिताना घरात ऐकलेलं एका रंगाच्या पेनानं लिहा, कागदावर सापडलेलं दुसऱ्या रंगानं. जिथे जुळत नाही तिथे दोन्ही ठेवा, खोडू नका. वॉर डायरी पण कुणीतरी थकलेल्या अधिकाऱ्यानं रात्री, कधी दोन-तीन दिवसांनी एकदम लिहिलेली असते, त्यातही तारीख चुकते. आणि काका ज्यांच्याबद्दल कधीच बोलले नाहीत असे जे महिने असतील ते तसेच मोकळे सोडा, कल्पनेनं भरू नका. युनिट सापडलं की कळवा, मग पुढचं बघू.